पीई वॅक्स: कुठलं, किती आणि कशासाठी

वसईतल्या एका तरुण कारखानदाराचा प्रश्न थोडक्यात असा. गाळ्यात पीव्हीसी केसिंग-कॅपिंगची, म्हणजे विजेच्या तारा झाकायच्या पट्ट्यांची, एक लाइन आहे आणि शेजारी मास्टरबॅचसाठी, म्हणजे प्लास्टिकला रंग देणाऱ्या दाट रंगीत दाण्यांसाठी, छोटा ट्विन स्क्रू (दोन स्क्रूंचं मशीन). मस्जिद बंदरच्या दोन व्यापाऱ्यांनी ‘पीई वॅक्स’, म्हणजे पॉलिएथिलीनचं मेण, म्हणून दोन सॅम्पल दिली. दोन्ही पांढरी, दोन्हींचे फ्लेक्स सारखेच, पण एकाचा भाव दुसऱ्याच्या जवळपास दीडपट. स्वस्तातलं घेऊन दोन्ही मशीनवर वापरलं तर चालेल का? आणि प्रमाण वाढवलं तर माल जास्त निघेल का?

दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. पण नुसत्या ‘नाही’ने कुणाचं मशीन चालत नाही, म्हणून कारणांसकट सांगतो.

रसायन एकच, एथिलीनची साखळी. पिशवीच्या फिल्मचं पॉलिएथिलीन लाखाच्या घरातल्या रेणुभाराचं असतं. वॅक्सचा सरासरी रेणुभार ढोबळमानाने एक ते दहा हजार. साखळी आखूड म्हणून वितळलं की ओतता येतं, आणि त्या पातळपणासाठीच आपण ते विकत घेतो. पण या एका नावाखाली बाजारात वेगवेगळ्या वाटांनी आलेला माल विकला जातो. पहिली वाट, एथिलीनपासून थेट वॅक्सच बनवणं. इथे रेणुभार हवा तसा धरता येतो, एक बॅच दुसरीसारखी येते आणि भावही तसाच असतो. दुसरी, मोठ्या साखळीचं पॉलिएथिलीन हवा लागू न देता ३५० ते ४०० अंशांच्या आसपास तापवून तोडणं. ज्याचा तापमानावर ताबा आहे त्याचा माल उत्तम असतो. मिश्र भंगारातून घाईघाईने तोडलेला माल पिवळसर आणि जळकट वासाचा निघतो.

तिसरी वाट आपल्याकडे सर्वांत जास्त चालते. कार्ल झीग्लर यांनी १९५३ मध्ये कमी दाबाखाली पॉलिएथिलीन बनवण्याची रीत शोधली. त्या रीतीवर चालणाऱ्या स्लरी प्लांटमध्ये एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिएथिलीन) बनताना काही साखळ्या आखूडच राहतात आणि तिथल्या हेक्झेन या द्रावकात विरघळून जातात. हेक्झेन परत मिळवताना हा भाग वेगळा निघतो, त्याला धंद्यात लो पॉलिमर म्हणतात. तो उपपदार्थ असल्यामुळे स्वस्त पडतो. मी त्याला नावं ठेवत नाही. नीट शुद्ध केलेला, हलके अंश काढून टाकलेला लो पॉलिमर पुष्कळ कामांना पुरून उरतो. पण कच्च्या मालात हेक्झेनचा अंश असू शकतो, रेणुभार फार पसरलेला असतो आणि प्रत्येक लॉट वेगळा वागतो. या तिन्हींपैकी कशातही पॅराफिन (मेणबत्तीचं मेण) मिसळलं की चौथा प्रकार तयार होतो, आणि तो मात्र बिलावर कधीच लिहिलेला नसतो.

तेव्हा व्यापाऱ्याला भाव विचारण्याआधी चार आकडे विचारा: १४० अंशांची व्हिस्कॉसिटी (दाटपणा), ड्रॉप पॉइंट (वितळून थेंब पडतो ते तापमान), ॲसिड व्हॅल्यू (आम्लाचं प्रमाण) आणि पेनिट्रेशन (सुई किती रुतते). ड्रॉप पॉइंटसाठी एएसटीएम डी ३९५४ आणि पेनिट्रेशनसाठी डी १३२१ या पद्धती सर्रास वापरतात. व्हिस्कॉसिटी ब्रुकफील्ड यंत्रावर काढलेली असते. एलडीपीई (कमी घनतेच्या) जातीच्या वॅक्सचा ड्रॉप पॉइंट साधारण १०० ते ११० अंश, एचडीपीई जातीचा १२० च्या पुढे. ॲसिड व्हॅल्यू शून्याजवळ असेल तर साधं वॅक्स. १५ ते २५ असेल तर ते हवेने ऑक्सिडाइज केलेलं आहे, आणि ते वागायला अगदीच निराळं. पेनिट्रेशन जितकं कमी तितका माल कठीण. आकडे द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून मशीनवर चालवायचा माल घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पीव्हीसी, कारण गोंधळ सगळ्यात जास्त तिथे होतो.

पीव्हीसी रेझिनचा एक कण साधारण शंभर-दीडशे मायक्रॉनचा, आणि त्याच्या पोटात एकेक मायक्रॉनचे असंख्य बारीक कण. बॅरलमध्ये, म्हणजे स्क्रू फिरतो त्या तापत्या नळीत, उष्णता आणि घर्षण मिळालं की हा मोठा कण फुटतो आणि आतले बारीक कण एकमेकांत मिसळून सलग वस्तुमान तयार होतं. यालाच आपण फ्यूजन म्हणतो. पट्टीची ताकद इथूनच येते. घर्षण फार झालं तर पीव्हीसी जळतं, हायड्रोक्लोरिक ॲसिड सुटतं, माल आधी पिवळा आणि मग तपकिरी पडतो. घर्षण कमी पडलं तर कण अर्धवट फुटतात. पट्टी दिसायला गुळगुळीत, पण स्क्रू मारताना तडकते. पीई वॅक्स पीव्हीसीत विरघळत नाही. ते कणांच्या भोवती आणि धातूला लागून थर धरतं, म्हणजेच घर्षण कमी करतं आणि फ्यूजन पुढे ढकलतं. हे त्याचं काम आहे आणि हाच त्याचा धोकाही आहे.

‘जास्त टाकलं तर जास्त माल निघेल’ ही समजूत येते कुठून? लाइनवर मोटरचे ॲम्पिअर उतरलेले दिसतात, म्हणून. मोटर हलकी चालली की ऑपरेटर आरपीएम वाढवतो आणि त्या पाळीत दोन-चार गोणी जास्त निघतातही. पण ॲम्पिअर उतरले याचा अर्थ मालाला मिळणारी मेहनतच कमी झाली. तुमची लाइन सिंगल स्क्रूची असेल तर गोष्ट आणखी वाईट. सिंगल स्क्रूत पावडर पुढे सरकते ती बॅरलच्या भिंतीला धरून. भिंतच निसरडी केली तर पावडर स्क्रूबरोबर जागच्या जागी गोल फिरते आणि उत्पादन उलट घटतं. ट्विन स्क्रू माल ढकलत राहतो, त्यामुळे तिथे चूक लवकर दिसत नाही. ती दिसते गिऱ्हाइकाकडे, तुटलेल्या पट्टीत.

भिवंडीकडच्या एका प्रोफाइलच्या कारखान्यात हे अगदी जवळून पाहिलं आहे. तक्रार होती की पट्टीवर लांबीच्या दिशेने पांढुरक्या रेघा येतात आणि दर पाळीत कॅलिब्रेटर (गरम पट्टीला आकार देऊन थंड करणारा धातूचा साचा) काढून घासावा लागतो. तिथल्या फोरमनने रेघा म्हणजे माल डायला (पट्टी जिथून बाहेर पडते त्या तोंडाला) चिकटतोय असं धरून वॅक्स टप्प्याटप्प्याने वाढवत नेलं होतं. कॅलिब्रेटर उघडला तर आत पांढरा, नखाने निघणारा, हाताला किंचित साबणासारखा लागणारा थर. चिकटलेला माल असा नसतो, हा प्लेट-आउट. मालात न मावलेलं वॅक्स बाहेर येताना आपल्याबरोबर फिलर (भरणीची पावडर) आणि स्टॅबिलायझर (पीव्हीसीला जळण्यापासून वाचवणारं रसायन) घेऊन येतं आणि थंड धातूवर साठतं. पट्टीचा तुकडा कोरड्या ॲसिटोनमध्ये वीस मिनिटं ठेवला, तर कापलेल्या कडेला पापुद्रे सुटले आणि बोटाने भुगा निघाला. म्हणजे फ्यूजन अपुरं. तिथे साधं पीई वॅक्स जवळजवळ अर्ध्यावर आणलं, त्यातल्या थोड्या भागाच्या जागी ऑक्सिडाइज्ड वॅक्स घातलं आणि बाकी काहीही बदललं नाही. ॲम्पिअर चढले, तेव्हा फोरमनचा जीव खालीवर झाला. पण रेघा गेल्या आणि पट्टी वाकवली तरी तुटेना.

ऑक्सिडाइज्ड वॅक्सनेच हे का झालं? ऑक्सिडेशनमुळे साखळीवर ॲसिडचे गट येतात आणि ते धातूला धरून राहतात. त्यामुळे माल डायपासून सुटतो, पण कणाकणांमधलं घर्षण मारलं जात नाही. फ्यूजनला उलट हातभार लागतो. वंगणांचं वेळापत्रक असतं, ते डोक्यात ठेवा. पॅराफिन साठ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून बॅरलच्या सुरुवातीला काम करतं. साधं पीई वॅक्स त्यानंतर, तापलेल्या भागात. ऑक्सिडाइज्ड वॅक्सची खरी कामगिरी डायजवळ. कॅल्शियम स्टिअरेट एकीकडे फ्यूजन लवकर आणतं आणि दुसरीकडे या वॅक्सशी जोडी जमवून धातूवर काम करतं. साध्या पाइप-प्रोफाइलच्या फॉर्म्युल्यात १०० भाग रेझिनमागे पीई वॅक्स ०.१ ते ०.३ भाग, ऑक्सिडाइज्ड ०.१ ते ०.२ भाग, पॅराफिन अर्धा ते एक भाग, इथून सुरुवात करावी. केसिंग-कॅपिंगमध्ये फिलर म्हणून कॅल्शियम कार्बोनेट भरपूर असतं, त्यामुळे आकडे थोडे वर सरकतील. पण कोटेड कार्बोनेट वापरत असाल तर त्याच्या अंगावर आधीच स्टिअरिक ॲसिड आहे, तेही हिशेबात धरा.

आणखी एक गोष्ट, आणि सध्या बहुतेक तक्रारींचं मूळ हेच असतं. शिशाचे स्टॅबिलायझर जाऊन कॅल्शियम-झिंक आलं. पाइप आणि फिटिंगमधल्या शिशाबाबत केंद्राचे नियम २०२१ साली आले, आणि त्यानंतर प्रोफाइलवालेही हळूहळू तिकडे वळत आहेत. हे झालंच पाहिजे होतं. मिक्सरवर काम करणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात शिशाची धूळ जात होती. मात्र लेड स्टिअरेट स्वतःच वंगण होतं. ते काढलं की वंगणाचा सगळा तोल बदलतो. त्यातच कॅल्शियम-झिंकचे वन-पॅक (सगळं एकत्र मिसळलेले तयार पॅक) येतात त्यांत पुरवठादाराने वॅक्स आधीच घातलेलं असतं. लोक जुन्या सवयीने वरून आपलं नेहमीचं वॅक्स टाकतात आणि मग स्टॅबिलायझरला दोष देतात. वन-पॅक वापरत असाल तर त्यात वंगण किती आणि कुठलं, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या. बऱ्याचदा वरून टाकायची गरज शून्य असते.

मिक्सरबद्दलही थोडं. ड्राय ब्लेंड, म्हणजे रेझिन आणि बाकी घटकांचं कोरडं मिश्रण, हायस्पीड मिक्सरमधून ११५-१२० अंशांना सोडतात. वॅक्सचा ड्रॉप पॉइंट त्याच्या वर असेल आणि तुम्ही जाड फ्लेक्स टाकत असाल, तर ते मिक्सरमध्ये वितळणारच नाहीत. तसेच कूलरमध्ये आणि तिथून हॉपरमध्ये जातील. मग कुठे वॅक्स जास्त, कुठे अजिबात नाही, आणि पट्टीवर थांबून थांबून ठिपके. अशा वॅक्सची बारीक पावडर किंवा मणीच घ्यावेत.

मास्टरबॅचमध्ये मात्र हेच वॅक्स वेगळ्या नोकरीवर असतं. तिथे ते वंगण नाही, रंगद्रव्याला भिजवणारं माध्यम आहे. पिगमेंटची पावडर म्हणजे घट्ट धरलेले पुंजके, त्यांच्या फटींत हवा. काम तीन पायऱ्यांचं: फटींतली हवा हटवून वॅक्स आत शिरणं, पुंजका फुटणं, आणि फुटलेले कण पुन्हा एकत्र न येणं. पहिल्या पायरीला पातळ वॅक्स हवं, दुसरीला घट्ट. कारण पुंजका फोडतो तो वितळलेल्या मालाचा शिअर (थर एकमेकांवरून सरकताना बसणारा ताण), आणि माल फार पातळ झाला तर स्क्रू त्यातून नुसता फिरत राहतो, पुंजक्याला ताण बसतच नाही. या ओढाताणीतून मधला मार्ग काढणं हीच मास्टरबॅचवाल्याची खरी कारागिरी आहे, आणि मला या सगळ्या विषयात सर्वांत रस वाटतो तो इथेच.

टायटॅनियम डायऑक्साइडला, म्हणजे पांढऱ्या रंगद्रव्याला, फारशी अडचण नसते. त्याचे कण सहज भिजतात, आणि ६०-७० टक्के पांढऱ्या मास्टरबॅचला तीन-पाच टक्के वॅक्स पुरतं. थॅलो ब्लू (निळं), थॅलो ग्रीन (हिरवं) आणि कार्बन ब्लॅक (काळं) ही रंगद्रव्यं खरी परीक्षा घेणारी. निळ्यासाठी १४० अंशांना काही शे सेंटीपॉइजचं, मध्यम व्हिस्कॉसिटीचं वॅक्स घ्या. प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास ठेवून सुरुवात करा आणि मिश्रणाचा क्रम बदला: आधी पिगमेंट आणि वॅक्स दोघंच हायस्पीडमध्ये, माल कोमट होऊन पावडर उडायची थांबेपर्यंत. मग पॉलिमरची पावडर. दाणे नव्हे, पावडर. दाण्यांमधून पिगमेंट खाली बसतं. ट्विन स्क्रूचे पहिले झोन थंड ठेवा. वॅक्स फीडजवळच पातळ झालं तर पुढच्या नीडिंग ब्लॉकना (स्क्रूवरच्या माल मळणाऱ्या भागांना) करायला काही उरत नाही.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. मास्टरबॅच दोन टक्के घालून पातळ फिल्म काढा आणि खिडकीसमोर धरा. गडद ठिपक्याभोवती फिकट प्रभा दिसली तर तो न फुटलेला पुंजका, वॅक्स किंवा शिअर कमी पडलाय. ठिपका पारदर्शक, डोळ्यासारखा असेल तर तो जेल (न वितळलेली प्लास्टिकची गुठळी), त्याचा पिगमेंटशी संबंध नाही. आणि रंग सारखा असूनही छटा फिकी वाटत असेल तर पिगमेंट वाढवू नका. आहे तेच अजून पुरतं उघडलेलं नाही. पिगमेंटच्या किमतीपुढे वॅक्सची किंमत किरकोळ असते, म्हणून इथे स्वस्त वॅक्स घेणं मला पटत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. मास्टरबॅचमधून गेलेलं वॅक्स शेवटी गिऱ्हाइकाच्या फिल्ममध्ये जातं. त्यातले सर्वांत आखूड रेणू पृष्ठभागावर येतात आणि मग छपाईची शाई धरत नाही, सील सुटतं, डायच्या ओठावर मेण साचतं, धूर होतो. दुधाच्या पिशवीचा किंवा तेलाच्या पाऊचचा माल असेल तर प्रश्न गंभीर, कारण हे आखूड रेणू तेलात-चरबीत उतरतात. आयएस ९८४५ या भारतीय मानकाच्या चाचणीप्रमाणे एकूण मायग्रेशनची (पॅकिंगमधून पदार्थात उतरणाऱ्या द्रव्याची) मर्यादा दर चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम, म्हणजे दर लिटरला ६० मिलिग्रॅम आहे, आणि चरबीयुक्त पदार्थांसाठी चाचणी हेप्टेनमध्ये होते. हेप्टेन लो पॉलिमर आनंदाने ओढून घेतं. अशा मालासाठी कच्चा लो पॉलिमर वापरूच नये, भंगारातून तोडलेलं वॅक्स तर नाहीच. इथे मी कुठलीही सवलत देत नाही. लहान मुलं ते दूध पितात.

बाकीचे उपयोग तुमच्या कामाचे नाहीत, तरी माहिती असावी. हॉट मेल्ट गोंदात वॅक्स चिकटवायला नसतं. ते गोंद पातळ करतं आणि लवकर बसवतं, म्हणून बॉक्स पॅकिंगच्या वेगवान लाइनला ते हवंच असतं. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांचं थर्माप्लास्टिक १८० ते २०० अंशांना ओततात, त्यात दोन-तीन टक्के वॅक्सने ओघ येतो. छपाईच्या शाईत पाच-दहा मायक्रॉनपर्यंत दळलेलं वॅक्स घालतात. ते शाईच्या थरातून किंचित वर डोकावतं आणि घासणी स्वतःवर घेतं. ऑक्सिडाइज्ड वॅक्सचं इमल्शन कापडाच्या फिनिशिंगमध्ये जातं, म्हणजे शिवणयंत्राची तापलेली सुई धागा तोडत नाही. संत्र्या-लिंबांवरच्या चकाकीतही तेच असतं. रबरात ते प्रोसेसिंगला मदत करतं, पण ओझोनपासून संरक्षण करणारं वॅक्स वेगळं, पॅराफिन आणि मायक्रोक्रिस्टलाइनचं. ही गल्लत अनेक जण करतात.

आता तुमची दोन सॅम्पल. दोन्हींचा खडा फिल्टर पेपरवर ठेवून ओव्हनमध्ये ८० अंशांना तासभर ठेवा. ज्याच्याभोवती तेलकट डाग पसरला त्यात पॅराफिन किंवा हलके अंश आहेत. नुसत्या ड्रॉप पॉइंटवर भिस्त ठेवू नका, पॅराफिन मिसळलं तरी तो फसवा उंच येऊ शकतो. शंका राहिली तर प्रयोगशाळेत डीएससी (तापवताना कुठल्या तापमानाला काय वितळतं याचा आलेख) करून घ्या. ५५-६५ अंशांना वेगळा उंचवटा आला की प्रश्न मिटला. मग दहा-दहा ग्रॅम वजन करून १५० अंशांना दोन तास ठेवा आणि घट मोजा. हे काम हवा खेळती असलेल्या ओव्हनमध्येच, जवळ ज्वाला नको. हेक्झेनचा वास आला तर लगेच थांबवा. डाग नाही, घट नगण्य, वास सौम्य असा माल स्वस्तातला निघाला, तर केसिंग-कॅपिंगला तो खुशाल घ्या. मास्टरबॅचसाठी मात्र व्हिस्कॉसिटीचा आकडा जमल्याशिवाय नको.

मशीनवरची चाचणी एका वेळी एकच गोष्ट बदलून करा. वॅक्स बदललं तर प्रमाण तेच, तापमान तेच, रेझिनचा लॉटही तोच. पावसाळ्यात वसईच्या दमट हवेत कार्बोनेट ओल धरतं आणि त्या ओलीचे बुडबुडे वॅक्सच्या नावावर जमा होतात, म्हणून आधी फिलर वाळवून घ्या. ॲम्पिअर, मेल्ट प्रेशर आणि मीटरमागे वजन दर अर्ध्या तासाला लिहा, तुकडे ॲसिटोनमध्ये टाका. आणि पूर्ण पाळी चालवा. पहिल्या तासात दोन्ही वॅक्स सारखीच वाटतील. प्लेट-आउट साठायला वेळ लागतो, तेव्हा पाळी संपल्यावर कॅलिब्रेटर उघडून आत हात फिरवल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.